कामजीवनातील दुखणी आणि आपला संकोच

(पंचायत समितीच्या सभागृहात ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व क्षेत्रीय कर्मचारी यांच्यासाठी भरविण्यात आलेल्या आरोग्य-प्रबोधन शिबिरात एका माहिती अधिकाऱ्यांनी केलेले भाषण.)



शिबिराच्या निमंत्रणपत्रिकेवर माझ्या भाषणाचा विषय 'कौटुंबिक आरोग्य' असा छापला आहे. तो मीच लिहून दिला. मला ज्या विषयावर बोलावयाचे होते त्याचे खरे नाव पत्रिकेवर घालण्याचे धैर्य मला झाले नाही, हे आरंभीच कबूल करतो. पतिपत्नींच्या शरीरसंबंधात येणाऱ्या अडचणी, ज्यांना वैद्यकात लैंगिक समस्या म्हणतात आणि आपल्याकडे ज्यांना 'कमजोरी', 'नामर्दी', 'दोष' अशी नावे देऊन पुढे कुजबुज केली जाते, त्यांची कारणे व उपचार हा आजचा विषय आहे. मी कला शाखेचा पदवीधर आहे, वैद्य नव्हे. जे सांगणार आहे ते डॉक्टरांना विचारून, ग्रंथ चाळून आणि माझ्या नोकरीतल्या एका चुकीची टोचणी मनात ठेवून सांगणार आहे. ती चूक प्रथम सांगतो.

मी नोकरीत नवा होतो. त्या काळी मी ज्या कार्यालयात होतो तेथे एके दिवशी वहीच्या पानावर लिहिलेले एक पत्र आले. लिहिणारा विशीतला तरुण होता. एस. टी. स्थानकाबाहेरच्या भिंतीवर रंगविलेल्या एका जाहिरातीविषयी त्याने विचारले होते. 'गुप्तरोगावर हमखास इलाज, शासनमान्य' असे त्या जाहिरातीत म्हटले होते. उपचाराला लागणाऱ्या रकमेसाठी दोन शेळ्या विकाव्या लागणार होत्या. वैशाखात लग्न ठरले होते. आपल्याला 'धातू जाण्याचा' आजार आहे, तेव्हा लग्न मोडावे की काय, असे त्याच्या मनात घोळत होते. त्याचा प्रश्न मात्र एकच आणि अगदी नेमका होता : या इलाजाला शासनाची मान्यता खरोखर आहे काय? शासनाची माहिती देणारे कार्यालय म्हणून त्याने आम्हाला विचारले होते. मी त्या पत्रावर 'विषय या कार्यालयाशी संबंधित नाही, दप्तरी दाखल' असा शेरा मारला. त्याचे पुढे काय झाले हे मला ठाऊक नाही. त्या प्रश्नाचे उत्तर एका ओळीचे होते. ते मी पुढे ओघात सांगेनच.

प्रथम मूळ गोष्ट पाहू. कामेच्छा होणे, शरीर त्यासाठी सिद्ध होणे, संबंध वेदनेविना पार पडणे आणि त्यातून तृप्ती मिळणे, या क्रमात कोठेही वारंवार आणि दीर्घकाळ अडथळा येत असेल व त्यामुळे माणसाला क्लेश होत असतील, तर ती लैंगिक समस्या होय. यातले 'वारंवार' आणि 'दीर्घकाळ' हे दोन शब्द फार महत्त्वाचे आहेत. सुगीच्या दिवसांत दिवसभर राबून आलेल्या माणसाला एखाद्या रात्री जमले नाही, घरात आजारपण असताना मन लागले नाही, तर तो आजार नव्हे. आणि आणखी एक भेद पक्का ध्यानात ठेवावा : मूल न होणे आणि संबंध न जमणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. ज्याचे शरीरसंबंध उत्तम आहेत त्याच्या वीर्यात शुक्रजंतू नसू शकतात. आणि ज्याला संबंधात अडचण आहे त्याचे शुक्रजंतू अगदी निर्दोष असू शकतात. आपल्या गावांत मात्र पाळणा हलला नाही की प्रथम सुनेला दोष दिला जातो, आणि पुरुषाच्या तपासणीचा विषय निघाला की घरातले सारे उठून अंगणात जातात.

आता एका ओळखीच्या गृहस्थांची हकिगत त्यांच्या अनुमतीने सांगतो. ते ग्रामसेवक आहेत. गावाचे नाव विचारू नये. वय सत्तेचाळीस, मधुमेह नऊ वर्षांचा, रक्तदाबाची गोळी चालू, तंबाखूची पुडी खिशात. दोन वर्षांपासून त्यांना ताठरता येईनाशी झाली होती. त्यांनी हे कोणालाही सांगितले नाही. रात्री उशिरापर्यंत दप्तर लिहीत बसू लागले. त्यांच्या पत्नीने यातून जो अर्थ काढायचा तो काढला. घरी अबोला सुरू झाला. कोणीतरी त्यांना सांगितले की, रक्तदाबाच्या गोळ्यांनीच हे होते. त्यांनी गोळ्या बंद केल्या. मोबाइलवर आलेल्या जाहिरातीतून ताकदीच्या चूर्णाचे पार्सल मागविले. एके दिवशी सकाळी एस. टी. स्थानकावर त्यांच्या छातीत कळ आली.

रुग्णालयात डॉक्टरांनी विचारलेल्या पहिल्या काही प्रश्नांत एक असा होता : "गेल्या दोन दिवसांत ताकदीची गोळी किंवा चूर्ण काही घेतले आहे काय?" ग्रामसेवक गप्प राहिले. त्यांच्या पत्नीने पिशवीतून कागदाची एक पुडी काढून टेबलावर ठेवली. ती तिला आठ दिवसांपूर्वी कपाटात सापडली होती. डॉक्टरांनी हृदयविकारात सर्रास जिभेखाली ठेवतात ती गोळी त्यांना दिली नाही, दुसऱ्या मार्गाने उपचार केले. गृहस्थ आज कामावर आहेत.

डॉक्टरांनी तो प्रश्न का विचारला, हे समजण्यासाठी शरीरातली यंत्रणा थोडी पाहावी लागेल. पुरुषाच्या इंद्रियात स्नायू किंवा हाड यांचे बळ नसते. स्पंजासारख्या ऊतीच्या दोन नळ्या असतात. मेंदूकडून व मज्जारज्जूकडून चेतना आली की तेथील मज्जातंतू आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू अत्यल्प प्रमाणात सोडतात. त्याने रक्तवाहिन्यांचे मऊ स्नायू सैल होतात, रक्त आत धावते, नळ्या भरतात आणि रक्त परत नेणाऱ्या शिरा दाबल्या जाऊन ते तेथेच टिकते. थोडक्यात, कालव्याला पाणी सोडावे आणि खालची दारे बंद करावीत, तसे हे आहे. नायट्रिक ऑक्साइड शरीरात असा निरोप्या म्हणून काम करतो या शोधाबद्दल फर्चगॉट, इग्नारो व म्युराड या तीन शास्त्रज्ञांना १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

म्हणजे हा प्रश्न बव्हंशी रक्तवाहिन्यांचा आणि मज्जातंतूंचा आहे. मधुमेह या दोहोंना पोखरतो. उच्च रक्तदाब, रक्तातील चरबी, तंबाखू व विडी रक्तवाहिन्या अरुंद करतात. दारू मज्जातंतू आणि संप्रेरके या दोहोंवर घाव घालते. यात एक गोष्ट मला विशेष वाटली. इंद्रियाच्या रोहिण्या सुमारे एक ते दोन मिलिमीटर जाडीच्या असतात, तर हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या तीन ते चार मिलिमीटरच्या. वाहिन्यांत साका साचू लागला तर बारीक नळी आधी तुंबते. म्हणून चाळिशीनंतर हळूहळू ताठरता कमी होत गेली, तर ती पुढच्या हृदयविकाराची आगाऊ नोटीस असू शकते. कित्येकांच्या बाबतीत ती दोन ते पाच वर्षे आधी मिळते. आमच्या ग्रामसेवकांना ती दोन वर्षे आधी मिळाली होती. त्यांनी ती दप्तरी दाखल केली.

अशा तक्रारी विरळ आहेत असेही नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९८७ ते १९८९ या काळात चाळीस ते सत्तर वर्षे वयाच्या पुरुषांची पाहणी झाली, तीत बावन्न टक्के पुरुषांना कमीअधिक प्रमाणात ही अडचण असल्याचे आढळले. तेव्हा या सभागृहात चाळिशी ओलांडलेले आपण जितके पुरुष बसलो आहोत, त्यांनी एकमेकांकडे पाहू नये हे बरे.

रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी ही अडचण होऊ शकते, हे खरे आहे. मनोविकारांवरच्या काही गोळ्यांनीही इच्छा किंवा तृप्ती मंदावते. परंतु त्यावर उपाय गोळी बंद करणे हा नव्हे. डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घेणे हा आहे. न सांगता बंद केलेल्या गोळीने पक्षाघात ओढवून घेतलेली माणसे आपल्या प्रत्येकाच्या गावात एखाददुसरी तरी असतील.

आता औषधाविषयी. सिल्डेनाफिल हे औषध मुळात छातीतील कळेवर उपयोगी पडेल या आशेने इंग्लंडमध्ये तपासले जात होते. हृदयावर त्याचा गुण बेताचाच दिसला, परंतु प्रयोगातील पुरुषांनी दुसराच परिणाम सांगितला. मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत ते ताठरतेच्या समस्येसाठी मान्य झाले. आज आपल्याकडेही ते आणि त्याच जातीचे टॅडालाफिल डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतात. पुष्कळांना त्यांचा चांगला गुण येतो. ते इच्छा उत्पन्न करीत नाही, इच्छा असताना रक्ताची वाट मोकळी करते. मात्र हृदयरोग्याला देतात त्या नायट्रेट जातीच्या गोळीबरोबर, जी पुष्कळांना सॉर्बिट्रेट या नावाने ठाऊक आहे, ते घेतले तर रक्तदाब एकाएकी इतका खाली येतो की प्राण जाऊ शकतो. सिल्डेनाफिलनंतर किमान चोवीस तास आणि टॅडालाफिलनंतर अठ्ठेचाळीस तास नायट्रेट वर्ज्य. आणि घातक गोष्ट ही की, 'शुद्ध वनौषधी' म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक चूर्णांत व कॅप्सुलांत हेच रसायन गुपचूप मिसळलेले असल्याचे देशोदेशींच्या औषध नियंत्रकांनी वेळोवेळी उघड केले आहे. पुडीवर त्याचे नाव नसते, मात्रा किती हे कोणालाच ठाऊक नसते. डॉक्टरांनी तो प्रश्न विचारला तो एवढ्यासाठी.

गोळी हा एकच उपाय नाही. मधुमेह आटोक्यात आणणे, तंबाखू सोडणे, रोज चालणे, वजन उतरविणे यांनी पुष्कळांची स्थिती सुधारते. त्यापलीकडे इंजेक्शने, निर्वात पंप आणि शेवटी शस्त्रक्रियेने बसविण्याचे कृत्रिम साधन, इतके उपचार आज उपलब्ध आहेत. पुरुषी संप्रेरकाची कमतरता रक्ततपासणीत सिद्ध झाली तरच ते संप्रेरक द्यावयाचे असते. ताकदीचे इंजेक्शन म्हणून ते टोचून घेतल्याने शुक्रजंतू घटतात, हे तरुणांनी ध्यानात ठेवावे.

तरुणांची गोष्ट निराळी असते. पंचविशीच्या मुलाला पहाटे झोपेतून उठताना ताठरता जाणवते, परंतु पत्नीजवळ जाताच ती नाहीशी होते, अशी तक्रार असेल तर यंत्रणा बहुधा शाबूत असते. अडथळा भीतीचा असतो. नव्या घरात, पाहुण्यांनी भरलेल्या ओसरीला लागून असलेल्या खोलीत, आदल्या दिवसापर्यंत अनोळखी असलेल्या मुलीसमोर 'आज परीक्षा आहे' या भावनेने गेलेला मुलगा अपयशी ठरला तर त्यात नवल काय? भीतीच्या वेळी शरीर पळण्याची तयारी करते; ते दुसऱ्या कशासाठी सिद्ध होत नाही. एकदा चुकले की दुसऱ्या रात्री तो स्वतःचाच पर्यवेक्षक होऊन बसतो आणि पुन्हा चुकतो. अमेरिकेतील मास्टर्स आणि जॉन्सन या संशोधक जोडीने १९७० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात यावर जी रीत सांगितली ती आजही जगभर वापरली जाते. पतिपत्नी दोघांना एकत्र बसवून डॉक्टर सांगतात की, काही दिवस संबंध करावयाचाच नाही. केवळ जवळीक, स्पर्श, बोलणे. परीक्षाच रद्द झाली की भीती जाते. या उपचारात दोघांनी यावे लागते. पती एकटाच आला तर डॉक्टर अर्धाच उपचार करू शकतात.

शीघ्रपतनाच्या तक्रारीत तर अज्ञानाचाच भाग मोठा आहे. संबंध अर्धा तास चालला पाहिजे ही समजूत कोठून आली हे सांगावयास नको. ती आता प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलमधून येते. २००५ साली पाच देशांतील पाचशे जोडप्यांच्या घड्याळ लावून घेतलेल्या नोंदी प्रसिद्ध झाल्या, त्यांत मध्यम कालावधी सुमारे साडेपाच मिनिटे निघाला. प्रथमपासूनच साधारण एका मिनिटाच्या आत, जवळजवळ दर वेळी, स्वतःच्या ताब्याबाहेर पतन होत असेल आणि त्याचा मनस्ताप होत असेल तर ती जन्मजात प्रकारची समस्या मानतात. तिच्यावर थांबून पुन्हा आरंभ करण्याचा सराव आणि डॉक्टरांनी दिलेली औषधे, दोन्ही उपयोगी पडतात.

त्या पत्रातल्या मुलाच्या 'धातू जाण्या'कडे आता वळतो. वीर्य हा शरीराचा अर्क असून त्याचा एक थेंब गेला तर रक्ताचे कित्येक थेंब जातात, या समजुतीने आपल्या देशातल्या किती पिढ्यांचे तारुण्य काळवंडले याचा हिशेब नाही. डॉ. नरेंद्रनाथ विग या भारतीय मनोविकारतज्ज्ञांनी १९६० साली या अवस्थेला 'धात सिंड्रोम' असे नाव दिले. थकवा, कंबरदुखी, हातपाय गळणे, झोप न लागणे. आणि या साऱ्याचे खापर लघवीवाटे वीर्य जाण्यावर. तपासणीत वीर्य जात असल्याचे बहुधा आढळत नाही. आढळते ती चिंता, किंवा उदासीनतेचा विकार. वस्तुस्थिती अशी की, वीर्य हे मुख्यतः वीर्यकोश आणि प्रोस्टेट या ग्रंथींचे स्राव असतात, शुक्रजंतूंचा भाग त्यात अगदी थोडा, आणि शरीर ते अखंड तयार करीत असते. झोपेत वीर्य जाणे हे वयात आल्याचे लक्षण आहे. हस्तमैथुनाने अशक्तता, डोळ्यांखाली काळे, वंध्यत्व किंवा नपुंसकत्व येत नाही. शिक्षक बंधूंनो, हे वाक्य आठवी-नववीच्या मुलाला कोणीतरी विश्वासातल्या माणसाने एकदा सांगितले तर पुढच्या दहा वर्षांचा भोंदूंचा धंदा बुडेल. आपल्याला संकोच वाटत असेल तर किशोरवयीनांसाठी शासकीय रुग्णालयांतून जी मैत्री क्लिनिके चालतात तेथील समुपदेशकांना शाळेत बोलवावे.

भगिनींच्या बाबतीत परिस्थिती अधिक कठीण आहे, कारण पुरुषाच्या दुखण्याला निदान भिंतीवर जाहिरात तरी असते. स्त्रीच्या दुखण्याला नावही नाही. संबंधाच्या वेळी वेदना होणे हे स्त्रीचे प्रारब्ध नव्हे; त्यामागे जंतुसंसर्ग, बाळंतपणात पडलेला टाका, गर्भाशयाच्या अस्तराचा विकार, पाळी गेल्यानंतर येणारी कोरड अशी कारणे असतात आणि त्या प्रत्येकावर इलाज आहे. कोरडेपणावर लावण्याचे मलम इतके साधे औषध आहे की ते न मिळता वर्षे कंठणाऱ्या स्त्रियांचा विचार केला तर वाईट वाटते. काहींच्या बाबतीत भीतीमुळे योनिमार्गाचे स्नायू आपोआप घट्ट आवळले जातात व संबंध अशक्य होतो. हे ती मुद्दाम करीत नसते. डोळ्यापुढे बोट आणले की पापणी मिटते, तसे ते असते. आपल्याच भागातल्या एका नवविवाहितेला याच कारणावरून सात महिने देवऋष्याकडे नेण्यात आले आणि नंतर माहेरी पाठविण्यात आले. तिची आई तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे घेऊन गेली. स्नायू सैल सोडण्याचे व्यायाम, टप्प्याटप्प्याने करावयाचा सराव आणि नवऱ्याला समोर बसवून दिलेली समज, एवढ्यावर काही महिन्यांत संसार मार्गी लागला. तिला माहेरी पाठविणाऱ्यांनी त्यानंतर देवऋष्याला नारळ दिला असे ऐकतो. श्रेय कोणाला जाईल हे आपल्या हाती नसते.

इच्छाच होत नाही, ही स्त्रियांची आणखी एक तक्रार. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी सत्तावन्न टक्के स्त्रिया रक्तक्षयाने पीडित आढळल्या. पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत राबणारी, अंगात रक्त नसलेली, पुन्हा दिवस जातील या धास्तीत असलेली आणि कित्येकदा मार खाणारी स्त्री इच्छेविना राहिली तर तिला औषध देण्यापूर्वी घरात काय चालले आहे हे पाहावे लागेल. जेथे मारहाण आहे तेथे तो आजारच नव्हे, तो गुन्हा आहे.

शरीराची कारणे आणि मनाची कारणे मी वेगवेगळी सांगितली ती समजावयास सोपे जावे म्हणून. प्रत्यक्षात ती एकमेकांत गुंतलेली असतात. मधुमेहाने एकदा अडचण आली की तिची भीती बसते, आणि मग साखर उतरली तरी भीती उतरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १ जानेवारी २०२२ पासून अमलात आणलेल्या रोगांच्या नव्या वर्गीकरणात या समस्या मनोविकारांच्या प्रकरणातून बाहेर काढून लैंगिक आरोग्याच्या स्वतंत्र प्रकरणात एकत्र ठेवल्या आहेत, ते याच विचाराने.

शस्त्रक्रियेबद्दलचा गैरसमज ग्रामपंचायत सदस्यांच्या नेहमीच्या कामाशी जोडलेला आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. पुरुष नसबंदीने नामर्दी येते, या एका समजुतीने कुटुंबनियोजनाचे सारे ओझे स्त्रियांवर टाकले आहे. त्याच पाहणीत देशातील विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ अडतीस टक्के स्त्रियांनी शस्त्रक्रिया करून घेतलेली होती. ज्यांच्या पतीने करून घेतली अशांचे प्रमाण ०.३ टक्के होते. आता, १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ब्याऐंशी लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांत पुरुषांच्या फार मोठ्या संख्येने होत्या आणि पुष्कळ सक्तीने झाल्या. त्या सक्तीची भीती घराघरांत राहिली, हे शासनाच्या सेवकाने नाकारू नये. परंतु शरीरशास्त्र सक्तीबरोबर बदलत नाही. या शस्त्रक्रियेत शुक्रजंतू वाहून नेणारी दोरीएवढी नळी तेवढी बांधली जाते. पुरुषी संप्रेरक वृषणातून थेट रक्तात मिसळते. त्याच्या वाटेला कोणी हात लावीत नाही. ताठरतेच्या रक्तवाहिन्या व मज्जातंतू तर त्या जागी नसतातच. इच्छा, ताठरता, वीर्याचे दिसणे, सारे पूर्ववत् राहते. आज ही शस्त्रक्रिया टाक्याविना होते. तीन महिने दुसरे साधन वापरून वीर्यतपासणी करून घ्यावी, एवढे पथ्य.

आता त्या पत्राचे उत्तर. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ या केंद्रीय कायद्यान्वये, कामसुखाची क्षमता वाढवून देण्याचा किंवा टिकवून ठेवण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात करण्यास मनाई आहे. म्हणजे अशा जाहिरातीला शासनाची मान्यता असूच शकत नाही. 'शासनमान्य' हा शब्द तिच्यावर असणे हेच ती खोटी असल्याची खूण आहे. हा कायदा मी नोकरीत येण्यापूर्वी कित्येक दशके अस्तित्वात होता. भिंतीवरच्या, पत्रकातल्या, तंबूवरच्या अशा जाहिरातीची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. आणि सरपंचमहोदय, आज सकाळी या तालुक्यात येताना मी मोजले : चार गावांच्या वेशीवर अशा जाहिराती आहेत, त्यांपैकी एक ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या भिंतीवर आहे, वरच्या बाजूस स्वच्छतेचा संदेश आणि खाली हा. चुन्याला फारसा खर्च येत नाही.

या विषयावर मराठीत मोकळेपणाने बोलणारे कोणी झालेच नाहीत असे कोणी समजू नये. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक एकहाती चालविले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मधल्या खटल्याचे निमित्त वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेली उत्तरे हे होते. त्या खटल्यात त्यांची बाजू मांडण्यास उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला गेला. पुढे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रकाश कोठारी यांनी लैंगिक वैद्यकाचा विभाग उभा केला, आणि डॉ. विठ्ठल प्रभू यांच्या 'निरामय कामजीवन' या पुस्तकाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. माझ्या वाचनात ते एका ग्रंथालयात आले तेव्हा त्याला वर्तमानपत्राचे वेष्टण घातलेले होते आणि आतली पाने हाताळून मऊ झालेली होती.

जावयाचे कोठे, हा व्यवहाराचा प्रश्न उरतो. आरंभ प्राथमिक आरोग्य केंद्रापासूनच करावा. तीस वर्षांवरील सर्वांची रक्तदाब व मधुमेहाची तपासणी उपकेंद्रातही होते. त्या वेळी हीही तक्रार सांगावी. समुदाय आरोग्य अधिकारी भगिनी असतील तर पुरुषांनी चिठ्ठीवर लिहून द्यावी, त्यांना त्याची सवय असते. तेथून उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात भिषक्, मूत्ररोगतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञ यांच्याकडे पाठवणी होते. चिंता, उदासीनता किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येत असेल तर टेलि-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, तेथे मराठीत बोलता येते आणि नाव सांगण्याची सक्ती नाही. मागे ज्यांचा उल्लेख केला त्या ग्रामसेवकांनी या क्रमांकाची पाटी आपल्या कार्यालयात लावली आहे. ती कशासाठी लावली हे त्यांनी गावात कोणाला सांगितलेले नाही.

जेवणानंतर तालुका आरोग्य अधिकारी आणि स्त्री-वैद्यकीय अधिकारी आपल्या प्रश्नांची उत्तरे देतील. भगिनींसाठी बैठक शेजारच्या वर्गखोलीत वेगळी ठेवली आहे. दाराशी दोन पेट्या व कोरे कागद आहेत. प्रश्न लिहून टाकावा, खाली नाव घालू नये. कागदांवर कोणताही शेरा मारला जाणार नाही, एवढे मी स्वतः पाहीन.